पहिल्या दाताचं पाणी

पहिलं माझं बाळ, आजोळाच्या दारी
पाणी प्यालं पल्याडचं, बाई मामाच्या घागरी

जातं जाऊन घरघंटी आली, तरी सोनवळच्या बायका पीठ दळताना ही ओवी गुणगुणायच्या. घरघंटीच्या घरघरीत शब्द बुडून जात, चाल तेवढी वर तरंगायची.

वाळकी नदीच्या दोन्ही काठांना एकच रीत होती. सातव्या महिन्यात ओटी भरून पहिलटकरीण नदीपलीकडच्या माहेरी जायची. बाळंत होऊन ती दोन-तीन महिन्यांनी परत यायची, पण मूल आजोळीच राहायचं. तिसऱ्या वर्षी मामा त्याला मांडीवर घेऊन बसायचा, न्हावी जावळ उतरवायचा, ते केस वाळकीत सोडायचे आणि मग तुळतुळीत डोक्याचं ते लेकरू नदी ओलांडून बापाच्या घरी यायचं. पहिलं मूल आजोळाचं, बाकीची घरची. असं का, ते कुणाला माहीत नव्हतं. नदी तर गुडघाभर. या काठावर भाकरी भाजली की त्या काठाला वास जायचा.

शिवकन्या तशीच आली होती. तीन वर्षांची, डोक्यावरून हात फिरवला तर खरखर लागेल अशी. दारात उभ्या असलेल्या केवळबाईला तिनं परक्या बाईकडं बघावं तसं बघितलं आणि मामाच्या धोतरामागं लपली. पुढं तीन वर्षं ती आईला "ओ बाई" म्हणायची. धाकटा मंचक कडेवर असायचा, तो दिवसातून शंभरदा "माय" म्हणायचा आणि केवळबाई ती हाक ऐकताना थोरलीकडं बघायची.

सहाव्या वर्षी शिवकन्येचा पुढचा दात पडला. रक्ताळलेली मूठ घट्ट धरून ती अंगणातून धावत आली, आत्याला ओलांडून, आजीला ओलांडून, थेट चुलीपुढं.

"माय, दात."

पडलेला पहिला दात पत्र्यावर फेकायचा असतो. केवळबाईनं सगळ्यांसमोर एक पांढरा खडा फेकला. पत्र्यावर टणकन वाजला. दात कुंकवाच्या जुन्या करंड्यात गेला आणि करंडा पेटीच्या तळाशी.

*

वाटणी झाली तेव्हा शिवकन्या एकोणतीस वर्षांची होती. देशाचे दोन देश झाले. सरकारी कागदावर त्यांना मोठाली नावं होती. वाळकीच्या काठावर अल्याड आणि पल्याड एवढंच. भाषा एक, देव एक, पदर घ्यायची तऱ्हा एक. पुलावर फाटक बसलं. ज्या सुना पल्याडहून आल्या होत्या त्यांना नवऱ्याचं मूळ लागेल, असं कायद्यानं ठरलं, म्हणून केवळबाई अल्याडची झाली. माहेर मात्र तिला दिसायचं तेवढंच उरलं.

मग तिसऱ्या वर्षी पल्याडच्यांनी वरच्या धरणाची दारं न सांगता उघडली. तीन वस्त्या वाहून गेल्या. मंचकनं स्वतःच्या हातांनी चिखलातून सतरा माणसं काढली, त्यांतली चार जिवंत होती. त्या दिवसापासून तो हसायचा कमी झाला आणि सभांना जायला लागला. दहा वर्षांत तो तालुक्याच्या मूळपाणी संघाचा अध्यक्ष झाला. पल्याडची माणसं चोरून येतात, आपल्यात मिसळतात, आपलं मत टाकतात, उद्या आपल्याही धरणांच्या चाव्या त्यांच्या हातात जातील, हे तो मनापासून बोलायचा. ऐकणाऱ्यांची माणसं खरोखर वाहून गेलेली होती.

पण ओळखायचं कसं? चेहऱ्यावरून कळेना, बोलण्यावरून कळेना. कागद तर सगळ्यांकडं होते, खरे आणि खोटे सारखेच चकचकीत. मग एका प्रयोगशाळेनं यंत्र काढलं आणि संघानं मागणी लावून धरली. चेहऱ्यावर लिहिलेलं नाही ना, मग दातात बघा. तसा कायदा झाला.

शिवकन्या तालुक्याच्या दवाखान्यात दंततंत्रज्ञ होती. लग्न पाच वर्षांत मोडलं तेव्हा माहेरी आली आणि या कामाला लागली. यंत्र चालवायला तिचीच नेमणूक झाली. राजधानीत तीन आठवडे शिकून, शेळीच्या दातांवर हात बसवून ती आली, तेव्हा केवळबाईनं भाकरी थापता थापता विचारलं, "पाणी दातात कसं लिव्हलेलं असंल गं?"

"माय, आपल्याकडचा कातळ काळा. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा तो. पल्याडचा तांबडा, अडीचशे कोटी वर्षांचा. खडकात स्ट्रॉन्शियम नावाचा धातू असतो, त्याचे दोन भाऊ, एक हलका, एक जड. खडक जितका जुना तितका जड भाऊ त्यात जास्त. पाऊस खडकातनं झिरपतो, विहिरीत येतो, विहिरीचं पाणी ज्वारीत, ज्वारी आईच्या दुधात आणि दूध लेकराच्या दातात. हाडं झिजतात, नवी होतात. केस वाढतात, गळतात. दाताचं वरचं कवच मात्र एकदा झालं की झालं. मरेपर्यंत बदलत नाही."

"आणि दाढ कंची बघता?"

"पहिली मोठी दाढ. ती उगवते सहाव्या वर्षी, पण हिरडीच्या आत तयार होते जन्मापासून तिसऱ्या वर्षापर्यंत. म्हणजे जन्मल्यावर माणूस पहिली तीन वर्षं कुठलं पाणी प्यालं, ते तिच्यात."

केवळबाईचा हात परातीवर थांबला. तिनं लेकीकडं बघितलं, काही बोलावं असं तोंड झालं, मग भाकरी उलटायची वेळ झाली आणि तिनं ती उलटली.

शिवकन्येच्या ध्यानात आलं नाही. खरं सांगायचं तर कुणाच्याच आलं नाही. कोणती दाढ वाचायची याची जाहीर सुनावणी झाली तेव्हा सोनवळचे दीडशे लोक ट्रॅक्टर करून गेले होते आणि पहिल्या दाढेसाठी हात वर करून आले होते. आजोळ हे आजोळ असतं. तो कुणाचा देश असतो, असं त्यांच्या मनातही नव्हतं.

*

यंत्र शाळेच्या हॉलमध्ये बसलं. त्याच्या नळीच्या टोकाला चिमणीच्या चोचीएवढं तोंड होतं, म्हणून लोक त्याला चोच म्हणायला लागले. चोच दाढेला टेकवायची, आतून प्रकाशाचा बारीक किरण निघायचा, खसखशीच्या दाण्याहून बारीक कण उडायचा. यंत्र त्यातले दोन्ही भाऊ मोजायचं आणि पडद्यावर रेघ उमटवायचं. काळी किंवा तांबडी. दाढेचा फोटो आणि रेघ त्याच क्षणी राजधानीला जायची. मध्ये शिवकन्येचा हात फक्त चोच धरण्यापुरता.

पहिला मान मंचकचा. तो खुर्चीत बसला, आ केला. रेघ कोळशासारखी काळी. संघाच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या.

"अक्का, दुखलं न्हाई बग," तो उठता उठता हसला. "लोक उगंच भितात."

दुपारपर्यंत नव्वद माणसं झाली. एकतीस तांबडी. संघाचा अंदाज गावात दोन-चारचा होता. तहसीलदार बिडवे टेबलाशी बसून यादी लिहीत होते. सभ्य माणूस, प्रत्येकाला आधी "बसा" म्हणायचा.

सत्तावीस-अठ्ठावीस तांबड्या रेघांपर्यंत शिवकन्येला यंत्रच बिघडलंय असं वाटत होतं. मग शेजारचा नामदेव पांढरे बसला. रेघ तांबडी. त्याच्यामागून त्याचा सख्खा धाकटा भाऊ बसला. काळी. तिच्या हातातली चोच हवेत तशीच राहिली. तिनं यादी उलटीकडून वाचायला सुरुवात केली. थोरला, थोरला, थोरली, थोरला.

"साहेब," ती बिडव्यांना बाजूला घेऊन म्हणाली, "ही बाहेरची माणसं नाहीत. ही पहिलटकरणींची लेकरं आहेत. आमच्यात पहिलं मूल जावळापर्यंत आजोळी असतं. बाप इथला, आजा इथला, जमीन इथली. फक्त तीन वर्षं."

बिडव्यांनी चष्मा काढून पुसला. "सुनावणीत का नाही सांगितलं कुणी?"

"कुणाच्या डोक्यातच आलं नाही."

"मॅडम, कायद्यात पाणी आहे. रीत नाही." मग जरा थांबून हळू आवाजात, "तुम्ही थोरल्या का धाकट्या?"

तिच्या जिभेचं टोक आपोआप मागच्या दाढेकडं गेलं होतं.

*

आठ दिवसांत तांबड्यांची यादी एकशे चाळीसवर गेली. महिनाअखेर त्यांना पुलापलीकडं न्यायचं ठरलं. शिवकन्येला वाटलं होतं की आता गाव उठेल. गाव उठलं नाही. हे तिला समजायला दोन दिवस लागले. प्रत्येक घरात एक थोरला गेला तर एक धाकटा उरत होता आणि सातबाऱ्यावर त्याचं नाव वर सरकत होतं. कुणी तसं बोललं नाही. धाकटे रडले, थोरल्यांच्या पिशव्या भरायला लागले. पण तहसीलवर मोर्चा न्यायचं ठरलं त्या सकाळी चौकात तांबडेच तेवढे जमले. धाकट्यांना नेमकी रानात कामं निघाली होती.

"भाऊ, तू नाहीस का येत?" नामदेवनं विचारलं.

"हरभऱ्याला पाणी द्यायचंय," धाकटा म्हणाला. "लाईट आजच हाय."

काहींनी दाढा उपटून घेतल्या. बाजारातल्या दात काढणाऱ्याकडं रांग लागली. तिसऱ्या दिवशी सरकारचं पत्रक आलं, की पहिली दाढ नसेल तर तो कबुलीजबाब समजावा. मिश्रीनं दाढा गेलेल्या म्हाताऱ्यासुद्धा त्यानंतर तोंडाला पदर लावून बोलायला लागल्या.

मंचक या सगळ्यात सभा घेत होता. कडक बोलत होता, पण घरी आल्यावर ताटातलं तसंच ठेवून उठायचा. त्याची थोरली ईश्वरी, आईविना वाढलेली, एकोणीस वर्षांची. वाटणीच्या वर्षीच, चैत्रात तिचं जावळ झालं होतं. मंचकनंच तिला खांद्यावर बसवून वाळकीतून आणली होती. त्याच दिवाळीत फाटक बसलं. तिचा आणि शिवकन्येचा नंबर एकाच दिवशी होता, शेवटच्या.

"तू बोल ना त्यांच्याशी," एका दुपारी शिवकन्या म्हणाली. "तुझा संघ. तू म्हणालास तर दुसरी दाढ घेतील. दुसरी तीन ते सातचं पाणी सांगते. सगळे सुटतील."

"आता बोललो तर काय म्हणतील? म्हणतील, लेक अडकली तवा बोलला." मंचक उंबऱ्यावर बसून चपलेच्या पट्ट्याशी खेळत होता. "अक्का, सतरा माणसं काढली मी चिखलातनं."

"मग हे एकशे चाळीस कोण आहेत?"

"मला सांगू नगंस."

"कुणी सांगायचं मग तुला?"

आतून केवळबाई म्हणाली, "भांडू नका रे. पोरगी ऐकती."

ईश्वरी ऐकत होतीच. ती दारात येऊन उभी राहिली. आत्यासारखीच उंच, बापासारखी रुंद कपाळाची. "पप्पा, पल्याड आपलं कोण हाय?"

"कुणी न्हाई," मंचक म्हणाला. "तुझ्या मामाचं घर जाळलं तिकडच्यांनी. अल्याडचे सोयरे म्हणून."

ईश्वरी कळशी उचलून विहिरीकडं गेली.

शिवकन्येनं त्या दिवशी कायद्याचं पुस्तक पुन्हा काढलं. तेहतिसाव्या पानावर शब्द होते: व्यक्तीचे उपलब्ध असलेले सर्वांत आधीचे कवच. आधीचे. पहिली दाढ हे नाव फक्त नियमावलीत होतं, कारण मोठ्या माणसाच्या तोंडात तिच्याआधीचं काही नसतं. पण दुधाचा दात तिच्याही आधीचा. पुढचे दुधाचे दात आईच्या पोटातच चौथ्या महिन्यापासून घडायला लागतात. टोकाकडून सुरुवात होते, हिरडीकडं वाढत येतात. आणि पहिलटकरीण माहेरी जाते सातव्यात. तोपर्यंत ती सासरचं पाणी पिते. म्हणजे प्रत्येक थोरल्याच्या दुधाच्या दाताचं टोक काळ्या कातळाचं असणार. सगळ्यांत पहिला घोट अल्याडचाच.

ती वाचून दाखवत होती आणि मंचक उठून उभा राहिला होता. "दात कुठाय तिचा?"

"पत्र्यावर," शिवकन्या म्हणाली. "मीच फेकला होता."

बातमी तासाभरात गावात पसरली. दुसऱ्या दिवशी सकाळी सोनवळच्या सगळ्या पत्र्यांवर माणसं होती. कुणी पन्हाळी उपसत होतं, कुणी भिंतीकडेची माती चाळणीनं चाळत होतं. आजवर कुणाचा दात कुठं पडला, कोणत्या घराचा पत्रा कधी बदलला, यावर म्हाताऱ्या भांडत होत्या. मंचक, तालुक्याचा अध्यक्ष, स्वतःच्या पत्र्यावर गुडघे टेकून बसला होता आणि गंजक्या खाचांतून बोटं फिरवत होता. त्याला पक्ष्यांची पिसं सापडली, प्लास्टिकची बाटली सापडली, मांजराचं एक हाड सापडलं. गावात कुणालाच काही सापडलं नाही. तेरा पावसाळे, वीस, चाळीस पावसाळे. पाणी सगळं वाळकीत घेऊन गेलं होतं.

दुपारी तो खाली उतरला तेव्हा हात रक्ताळले होते. मोरीकडं जाताना तो आईपुढं क्षणभर थांबला.

तो अंघोळीला गेल्यावर केवळबाईनं शिवकन्येला आतल्या खोलीत बोलावलं. पेटी उघडली. साड्या, वाळलेली हळकुंडं आणि तळाशी करंडा. कुंकू काळं पडलं होतं. त्यात तांदळाच्या कणीएवढा दात.

"तुझा हाय," ती म्हणाली.

"पण तू तर फेकलास. मी बघितलं."

"खडा फेकला." केवळबाईनं करंडा तिच्या तळहातावर ठेवून तिची बोटं मिटवली. "त्या दिशी तू पहिल्यांदा मला माय म्हणालीस. फेकू कशी? शिवे, उद्या दाखव त्यास्नी. माझ्याजवळ ऱ्हा. तीन वरसं तुला दिली होती मी नदीला, आता न्हाई देत."

शिवकन्येनं मूठ उघडली नाही. बाहेर ईश्वरी विहिरीवरून पाण्याच्या कळश्या आणत होती, एकावर एक, न सांडता. तिच्या पायांत पैंजण नव्हते तरी तिचं चालणं ऐकू येत होतं.

*

शेवटच्या दिवशी हॉलमध्ये गर्दी होती. दातांच्या शोधाची गोष्ट बिडव्यांच्याही कानावर गेली होती. त्यांनी राजधानीला विचारलं होतं. उत्तर आलं होतं की दुधाचा दात ग्राह्य धरावा, पण तो कुणाचा, हे घरातल्या वडीलधाऱ्या व्यक्तीनं शपथेवर सांगावं. यंत्राला पाणी कळतं, नाव कळत नाही.

ईश्वरी खुर्चीत बसली. शिवकन्येनं चोच धरली. सवयीचा हात होता. रेघ तांबडी उमटली. हॉलमध्ये कुणीतरी "अध्यक्षाची" असं पुटपुटलं आणि दुसऱ्यानं "गप" म्हटलं. मंचक साक्षीदाराच्या खुर्चीत होता. प्रत्येक नोंदीवर संघाची सही लागायची. त्यानं पेन उचललं नाही.

शिवकन्येनं ब्लाउजमधून करंडा काढून टेबलावर ठेवला. तिला वाटलं होतं, अजून विचार करायला वेळ असेल. पण खुर्चीत ईश्वरी नळीखाली तोंड उघडं ठेवूनच बसली होती, मिटायचं विसरून. सहा वर्षांची असताना दात पडला तेव्हाही ती अशीच आ करून आत्यासमोर उभी राहिली होती.

"दुधाचा दात आहे," शिवकन्या म्हणाली. "हिचा."

मंचकनं मान वर केली. त्यानं कालची अख्खी सकाळ पत्र्यावर काढली होती. दात तिथं नव्हता, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. तो बहिणीकडं बघत राहिला. मग त्यानं नजर खाली केली, टेबलाच्या कडेवर, हरभऱ्याला पाणी द्यायला जाणाऱ्या माणसासारखी.

"आजीबाई, पुढं या," बिडवे म्हणाले. "हा दात कुणाचा ते सांगा. तुमच्यात शपथ कशी घेतात?"

"ज्याचं सांगायचं त्याच्या डोक्यावर हात ठेवून," मागून कुणीतरी म्हणालं.

सोनवळमध्ये ही शपथ लहान लेकरांनाही माहीत असते. हात ज्याच्या डोक्यावर, खोटं त्याला भोवतं. केवळबाई काठी टेकत आली. तिनं आधी लेकीकडं बघितलं. शिवकन्येनं चेहरा स्थिर ठेवला होता, पण मान किंचित हलली, दारात पाहुणा आल्यावर आत या म्हणून हलावी तेवढी. केवळबाईचा हात ईश्वरीच्या केसांपर्यंत गेला. केसांना लागायच्या आत थांबला. आणि मागं येऊन तिच्या स्वतःच्या पांढऱ्या डोक्यावर, पदरावर टेकला.

"माझ्या डोक्यावर हात ठिवून सांगते," ती म्हणाली. "नातीचा हाय."

"चालेल ना?" बिडव्यांनी मंचकला विचारलं.

"चालंल," मंचक म्हणाला.

चोच दाताच्या टोकाला टेकली आणि हळूहळू खाली आली. टोकाकडं काळी रेघ, अर्ध्यावर करडी, मुळाशी तांबडी. पंचेचाळीस वर्षांपूर्वीची, एका बाईची माहेरी निघालेली वाट. बिडव्यांनी दात पाकिटात घालून लाखेचा शिक्का मारला. ईश्वरी अल्याडची झाली. मंचकनं सही केली.

"मॅडम," बिडवे जरा वेळानं म्हणाले, "तुमचं राहिलंय."

शिवकन्या खुर्चीत बसली. चोच कशी धरायची ते बिडव्यांना तिनंच दाखवलं, नाहीतर हिरडीला लागली असती. रेघ उमटली. मंचकनं पुन्हा सही केली. या वेळी पेन दोनदा घासावं लागलं, शाई उतरत नव्हती.

*

जायच्या दिवशी सकाळी केवळबाईनं तिची वेणी घातली. तेल चोपडून, घट्ट, लहानपणी घालायची तशी. शिवकन्येचे केस कमरेपर्यंत होते, मधून मधून पांढरे.

"माय, हे केस महिन्याला बोटाच्या पेराच्या निम्मे वाढतात," ती म्हणाली. "टोकाकडचा केस पाच-सहा वर्षांपूर्वीचा असतो. प्यालेल्या पाण्याची नोंद ह्यातही राहते. पल्याड गेले तरी नवं पाणी मुळाशी येईल. शेंड्याला इथलंच राहील. मी कापले नाहीत तर किती तरी वर्षं."

"मग कापू नगंस."

"नाही कापत."

केवळबाईनं वेणीच्या टोकाला रिबन बांधली, गाठीवर गाठ मारली. तिला काही गुणगुणायचं होतं बहुतेक. तिनं फणी पुसून कोनाड्यात ठेवली. ईश्वरी दाराआड उभी राहून रडत होती. तिनं आत्याचे पाय धरले तेव्हा शिवकन्येनं तिची हनुवटी वर करून दवाखान्यातल्या सवयीनं दात बघितले. "मागची दाढ किडायला लागलीय. भरून घे," ती म्हणाली.

मंचक फाटकापर्यंत आला. संघाचा अध्यक्ष म्हणून त्याला यावंच लागलं. एकशे चाळीसच्या वर माणसं पिशव्या घेऊन पुलावरून चालली होती. नामदेव पांढरे मागं वळून शेताकडं बघत होता. तिथं त्याचा धाकटा भाऊ पाणी देत होता, आज लाईट नसतानाही.

"अक्का," मंचक म्हणाला.

"मायला सांभाळ," शिवकन्या म्हणाली. "आणि पोरीला कधी सांगू नकोस."

पूल शंभर पावलांचाही नव्हता. खाली वाळकी गुडघाभर. पल्याडच्या टोकाला छावणीचं फाटक होतं. तिथले शिपाई त्याच बोलीत "सरका पुढं, सरका" म्हणत होते. फाटकाच्या आत एका बाकावर कारकून कागद लिहीत होते आणि शेजारी प्लास्टिकचं लाल स्टूल होतं. स्टुलामागं एक बाई कात्री आणि मशीन घेऊन उभी होती. भोवती जमिनीवर काळे, पांढरे, मेंदीचे केस पडले होते.

"उवा हायती छावणीत," ती बाई म्हणाली. "समद्यांचे उतरायचेत. बसा ताई."

शिवकन्या उभीच राहिली. मागून रांगेनं ढकललं.

"ताई, लवकर. लई माणसं हायती."

ती स्टुलावर बसली. तिला आठवत नव्हतं, पण सांगितलेलं माहीत होतं की जावळाच्या वेळी ती मामाच्या मांडीवर जराही रडली नव्हती. आता कुणाचीच मांडी नव्हती. गार प्लास्टिक तेवढं होतं. बाईनं मुठीत वेणी धरली, कात्री मानेशी लावली. गाठीवर गाठ मारलेली रिबन तशीच राहिली. मग वेणी सुटून खाली पडली, इतरांच्या केसांवर, आणि बाईनं मशीन चालू केलं.

कडेला एक शिपाई खराट्यानं केस गोळा करत होता. पाटी भरली की तो ती उचलून उतारावर जायचा आणि नदीत रिकामी करायचा.